गेलेला रंग कुठे गेला? केमिकल इंजिनीअरिंग आणि मटेरियल सायन्सच्या संशोधनात पहिलं पाऊल टाकणाऱ्यांसाठी

जून-जुलै आला की मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. ऐरोली, कळवा, कोपरखैरणे, डोंबिवली इथली मुलं-मुली. कुणी केमिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कुणी एमएस्सी करून घरी बसलेलं. "मॅडम, रिसर्च करायचाय. मटेरियलमध्ये. नॅनोमध्ये काहीतरी." त्यापुढे काय विचारायचं ते त्यांना सुचत नाही आणि फोनवर पाच मिनिटांत काय सांगायचं ते मला सुचत नाही. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम करते आहे, ट्रेनी मुलांना शिकवते आहे. त्या सगळ्या फोनचं उत्तर इथे एकदाच सविस्तर लिहिते.

उदाहरण एकच घेणार आहे: नारळाच्या करवंटीपासून सक्रिय कार्बन, म्हणजे बारीक छिद्रांनी भरलेला कोळसा, बनवायचा आणि त्याने पाण्यातला रंग काढायचा. प्रयोग जुना आहे, हजारो लोकांनी केलेला आहे, आणि म्हणूनच शिकायला चांगला आहे. पदार्थ बनवणं, तो आतून कसा आहे हे पाहणं हे मटेरियल सायन्स. तो पदार्थ पाण्यात टाकल्यावर किती वेगाने, किती रंग धरतो आणि उद्या हजार लिटरला किती लागेल हे केमिकल इंजिनीअरिंग. दोन्ही एका बीकरमध्ये भेटतात. खर्चही फारसा नाही. करवंट्या तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटच्या आसपास मिळतात, नाहीतर आठवडाभर घरच्या आमटी-भाजीच्या नारळांच्या जमवल्या तरी पुरतात.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीच्या भागात निळी कुत्री फिरताना दिसली होती. फोटो देशभर गेले. कारखान्याचा निळा रंग त्यांच्या अंगावर बसला होता, आणि कासाडी नदीच्या प्रदूषणाची चर्चा पुन्हा सुरू झाली. ते फोटो पाहून माझ्याकडे आलेल्या एका मुलीने विषय लिहून आणला होता: "औद्योगिक रंगांचं प्रदूषण दूर करणं." तिची तळमळ खरी होती, मला ती आजही आवडते. पण हा विषय तीस माणसांना तीस वर्षं पुरेल.

आम्ही दोघी बसून तो खाली खाली आणत गेलो. कोणता रंग? कोणत्या पदार्थाने काढायचा? कशावर काय अवलंबून आहे हे पाहायचं? शेवटी उरलं ते असं: करवंटीला फॉस्फरिक आम्ल लावून ४००, ४५० आणि ५०० अंश सेल्सिअसला कार्बन बनवला, तर मिथिलीन ब्लू हा निळा रंग धरण्याची त्याची क्षमता कशी बदलते? हा प्रश्न सहा महिन्यांत सुटतो. त्याचं उत्तर आकड्यात येतं. आणि उत्तर "काही बदलत नाही" असं आलं तरी ते उत्तरच असतं. तुमचा प्रश्न या तिन्ही कसोट्यांना उतरत नसेल तर तो अजून मोठा आहे.

दुसरी पायरी: वाचन, पण उलट्या दिशेने

नवी मुलं पेपर वाचताना सारांश आणि निष्कर्ष वाचतात आणि प्रभावित होतात. तुम्ही आधी कृतीचा भाग वाचा. किती ग्रॅम कार्बन, किती मिलिलिटर पाणी, पीएच किती, तापमान किती, किती वेळ हलवलं, आणि कार्बन पाण्यापासून वेगळा कसा केला: गाळून की सेंट्रिफ्यूज या यंत्रात वेगाने फिरवून, तळाला बसवून? हा शेवटचा मुद्दा अधोरेखित करून ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय. पंधरा पेपरांचं एक कोष्टक वहीत हाताने आखा. जिथे रकाना रिकामा राहील, म्हणजे लेखकाने ते सांगितलेलंच नाही, तिथे लाल खूण करा. त्या लाल खुणांतून बऱ्याचदा तुमचा स्वतःचा प्रश्न निघतो.

पेपर मिळवायचे कुठून? केंद्राची वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे. सरकारी विद्यापीठांत आणि संस्थांत शिकणाऱ्यांना तिच्यामुळे सुमारे १३ हजार जर्नल उघडी झाली. तुमचं कॉलेज त्यात बसत नसेल तर लेखकाला सरळ ईमेल करा. दोन ओळींचा, नम्र, पेपरचं नाव लिहून. बरेच जण पाठवतात.

तिसरी पायरी: हात लावण्याआधी

चष्मा, सुती एप्रन, बंद बूट, केस बांधलेले. बाटली उघडण्याआधी त्या रसायनाचं सेफ्टी डेटा शीट वाचायचं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आय-वॉश आणि शॉवर कुठे आहे ते पहिल्याच दिवशी चालत जाऊन बघायचं, डोळे मिटून तिथवर पोहोचता आलं पाहिजे. सिलिंडर साखळीने बांधलेला आहे ना ते पाहायचं. एकट्याने रात्री भट्टी चालवायची नाही.

यात एक गोष्ट थोडी थांबून सांगते, कारण ती पेपर वाचून कळत नाही. करवंटीचा कार्बन सक्रिय करायला बरेच पेपर पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात, कारण त्याने पृष्ठफळ, म्हणजे छिद्रांच्या आतल्या भिंतींसकट रंग बसायला मिळणारी जागा, भरपूर मिळतं. पण ७०० अंशांच्या वर गेलं की त्या भट्टीत धातूरूप पोटॅशियम तयार होतं. त्याचा उत्कलनबिंदू ७६० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे त्याची वाफ होऊन ती नळीच्या थंड टोकाला जाऊन बसते. हवा आत येऊ नये म्हणून सोडलेला नायट्रोजन बंद करून कुणी भट्टी घाईने उघडली किंवा नळी पाण्याने धुवायला घेतली, की ते पेट घेतं. सराव नसलेल्या माणसाने, शेजारी जाणकार उभा नसताना, या वाटेला जाऊ नये. फॉस्फरिक आम्लाची पद्धत ४०० ते ५०० अंशांत भागते. पहिला कार्बन त्याच पद्धतीने करा. पृष्ठफळ थोडं कमी आलं तर येऊ द्या.

चौथी पायरी: कार्बन बनवणं

करवंटीच्या आतला खोबऱ्याचा पापुद्रा आणि बाहेरच्या शेंड्या खरवडून काढायच्या. ब्लेडने, कंटाळा न करता. धुऊन ११० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर वाळवायची, कुटायची, चाळायची. दोन चाळण्यांच्या मधला, एकाच आकाराचा भाग घ्यायचा. आकार मिसळलेले राहिले तर पुढे वेग मोजताना काहीच अर्थ लागत नाही.

मग वजनाइतकंच किंवा दुप्पट फॉस्फरिक आम्ल थोड्या पाण्यात मिसळून त्यात ती पूड रात्रभर भिजवायची, फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून नेणारं कपाट) सुकवायची आणि झाकणाच्या क्रुसिबलमध्ये तासभर मफल फर्नेसमध्ये ठेवायची. क्रुसिबलला झाकण घट्ट हवं. हवा शिरली तर कार्बन जळून राख होते. भट्टीचा धूर हूडच्या नळीतून बाहेर जातो आहे ना ते आधी बघायचं. थंड झाल्यावर गरम डिस्टिल्ड वॉटरने धूत राहायचं, धुवणाचा पीएच सहा-सातवर येईपर्यंत. हे धुणं जिवावर येतं. दहा, बारा, कधी पंधरा वेळा. दुपारी चारला कंटाळून "झालं असेल" म्हणणाऱ्याचा कार्बन पुढे महिनाभर त्रास देतो.

धुणं पुरेसं झालं की नाही हे वजन सांगतं. १०० ग्रॅम करवंटी नुसती, हवेशिवाय तापवली तर साधारण २५ ते ३० ग्रॅम कोळसा उरतो. बाकीचं कुठे गेलं? डांबर, पाण्याची वाफ आणि वायू होऊन गेलं. फॉस्फरिक आम्लाने त्याहून जास्त उरतं, कारण आम्ल कार्बनचा सांगाडा जोडून धरतं. पण तुमच्या हातात १०० पैकी ८० ग्रॅम आले तर आनंद मानू नका. आत अजून आम्ल बसलेलं आहे. आलेलं, गेलेलं आणि उरलेलं यांचा हिशेब मांडायची सवय इथपासून लावून घ्यायची.

आणि आपल्याकडचा पावसाळा विसरू नका. जुलैत आमच्या प्रयोगशाळेत बटर पेपरवर ठेवलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या वजन करता करता ओल्या दिसायला लागतात आणि काट्यावरचा शेवटचा आकडा वर चढत राहतो. सक्रिय कार्बनही हवेतलं पाणी असंच पितो, फक्त त्याच्याकडे बघून ते कळत नाही. म्हणून ओव्हनमधून थेट डेसिकेटर, म्हणजे आत ओल शोषणारी सिलिका जेल ठेवलेलं बंद भांडं, आणि डेसिकेटरमधून थेट काटा. डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी असेल तर ठीक, गुलाबी पडली असेल तर आधी ती ओव्हनमध्ये टाका, मग वजनाचं बघू.

पाचवी पायरी: मोजपट्टी आधी तपासा

मिथिलीन ब्लू ६६४ नॅनोमीटरला प्रकाश सर्वांत जास्त शोषतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये तिथला आकडा घेऊन पाण्यात किती रंग आहे ते काढायचं. त्यासाठी आधी कॅलिब्रेशन: लिटरला १, २, ३, ४ आणि ५ मिलिग्रॅम अशी द्रावणं करा, आलेखावर मांडा, सरळ रेष आली पाहिजे. ५ मिलिग्रॅमला आकडा साधारण १ च्या आसपास जातो. त्याहून दाट द्रावण असेल तर पाणी घालून पातळ करूनच मोजायचं. दाट द्रावणात रंगाचे रेणू जोडीजोडीने चिकटतात, रेष वाकते, आणि यंत्र मात्र निर्विकारपणे आकडा देत राहतं.

बाटलीवरचं लेबल नीट वाचा. मिथिलीन ब्लू बऱ्याचदा पाण्याच्या रेणूंसकट विकला जातो, आणि ते वजनात धरलं नाही तर तुमची पहिलीच पायरी चुकलेली असते. क्यूव्हेटच्या, म्हणजे यंत्रात द्रावण ठेवायच्या छोट्या भांड्याच्या, काचेलाही हा रंग चिकटतो. प्रत्येक रीडिंगनंतर इथेनॉलने खळबळून घ्या आणि रिकाम्या क्यूव्हेटमध्ये पाणी भरून शून्य येतंय का ते बघा.

सहावी पायरी: कोरा प्रयोग

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळा लेख खरं म्हणजे हिच्यासाठी लिहिला आहे.

एम.टेक.च्या पहिल्या वर्षी मी हाच प्रयोग करत होते. लिटरला ५० मिलिग्रॅम रंगाचं १०० मिलिलिटर द्रावण, त्यात ०.१ ग्रॅम कार्बन, तीन तास शेकरवर, मग गाळणकागदातून गाळून मोजणी. पहिल्या आठवड्यात ९८ टक्के रंग गेला. दुसऱ्या तापमानाच्या कार्बनने ९८. तिसऱ्याने ९७. मी आलेख काढले, रंगीत प्रिंट घेतले. पाचव्या आठवड्यात कुतूहल म्हणून नुसत्या, भट्टी न दाखवलेल्या करवंटीच्या पुडीवरही प्रयोग केला. तिचाही आकडा नव्वदीच्या पुढे आला. मला वाटलं, करवंटीच मुळात अद्भुत आहे.

माझ्या गाईडसरांनी आलेख पाहिले आणि एकच विचारलं, "गेलेला रंग कुठे गेला?" मी म्हणाले, कार्बनवर. "बघितलास?" मी गप्प. ते उठले, बेसिनशेजारच्या डब्यात हात घालून त्यांनी माझे कालचे गाळणकागद काढले आणि टेबलावर एकेक करून पसरले. प्रत्येक कागदाच्या मधोमध निळं वर्तुळ होतं. पाच आठवडे मी तो रंग रोज कचऱ्याच्या डब्यात टाकत होते आणि कार्बनच्या नावावर जमा करत होते.

त्याच दुपारी आम्ही कार्बन न घालता, लिटरला ५ मिलिग्रॅमचं नुसतं द्रावण त्या कागदातून गाळलं. खाली आलं त्यात अर्ध्याहून कमी रंग उरला होता. मिथिलीन ब्लूचे रेणू धन प्रभाराचे असतात, कागद म्हणजे सेल्युलोज, आणि पाण्यात त्याच्या पृष्ठभागावर थोडा ऋण प्रभार असतो. ते एकमेकांना धरतात. चांगला कार्बन आणि वाईट कार्बन यांच्यात फरक होता तो शेवटच्या काही मिलिग्रॅमचा, आणि तेवढाच भाग कागद गिळत होता. म्हणून सगळे कार्बन सारखे दिसत होते. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, कागद न वापरता पुन्हा मोजलं तेव्हा ९८ चे ८४ झाले, आणि तीन तापमानांतला फरक पहिल्यांदा दिसला. म्हणजे ज्या प्रश्नासाठी मी सगळं करत होते त्याचं उत्तर कागदाखाली दडलं होतं.

यातली मुळातली गोष्ट नीट समजून घ्या. कार्बनने किती रंग धरला हे आपण थेट मोजत नाही. सुरुवातीला होता त्यातून शेवटी उरला तो वजा करतो आणि फरक कार्बनच्या खात्यावर टाकतो. वजाबाकीने काढलेल्या आकड्यात इतर सगळ्यांची चोरी जमा होते: कागदाची, काचेची, प्लास्टिकच्या नळीची, उन्हात फिकट झालेल्या रंगाचीही. म्हणून प्रत्येक प्रयोगाबरोबर त्याचा कोरा जोडीदार चालवायचा, त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. तेच द्रावण, तोच फ्लास्क, तेवढाच वेळ, तीच सेंट्रिफ्यूज, फक्त कार्बन नाही. ब्लँकमध्ये रंग कमी झाला तर तुमच्या मांडणीत कुणीतरी तो खातं आहे. दुसरा ब्लँकही हवा: रंग न घालता नुसतं पाणी आणि कार्बन. कार्बनमधून काही सुटून ६६४ ला आकडा देत असेल तर तो इथे कळतो. आणि शक्य असेल तेव्हा उलट दिशेनेही तपासा. वापरलेला कार्बन आम्ल घातलेल्या इथेनॉलमध्ये हलवून काही रंग परत मिळतो का ते बघा. सगळा मिळणार नाही, पण थोडा जरी निळा उतरला तरी रंग तिथेच होता याची खूण मिळते.

ट्रेनी मुलांना मी पहिले दोन आठवडे फक्त ब्लँक करायला लावते. काही जण वैतागतात. मी हट्ट सोडत नाही.

सातवी पायरी: आकडे मांडताना

"अमुक टक्के रंग काढला" हे वाक्य जवळजवळ निरर्थक आहे. वरच्याच प्रयोगात लिटरमागे ५० पैकी ८ मिलिग्रॅम उरले: ८४ टक्के गेले, आणि हिशेबाने एका ग्रॅम कार्बनने ४२ मिलिग्रॅम रंग धरला. आता दुप्पट, ०.२ ग्रॅम कार्बन घाला. समजा लिटरमागे १ मिलिग्रॅम उरला. टक्केवारी ९८ वर गेली, पण दर ग्रॅमला रंग किती? २४.५. टक्का वाढला आणि कार्बनचं काम कमी दिसलं. म्हणजे कार्बन जास्त घातला की कुणालाही ९८ टक्के मिळवता येतात. नेहमी दर ग्रॅमला किती, आणि त्या वेळी पाण्यात किती उरला होता, हे दोन्ही आकडे एकत्र द्या. त्या जोड्यांचा आलेख म्हणजे आयसोथर्म. त्याचं लँगम्यूरचं समीकरण १९१८ सालचं आहे आणि आजही सर्वांत आधी तेच लावून पाहतात.

वेगाच्या आलेखाबाबत एक सावधगिरी. स्यूडो-सेकंड-ऑर्डर नावाचं समीकरण सरळ रेषेच्या रूपात लावलं की जुळणीचा आकडा (R²) जवळजवळ नेहमी ०.९९ येतो. कारण त्या मांडणीत वेळ दोन्ही अक्षांवर असते. शिवाय बरेच जण समतोल गाठल्यानंतरचे बिंदूही त्यात घालतात. या ०.९९ वरून "रासायनिक शोषण सिद्ध झालं" असं लिहिलेले पेपर तुम्हाला ढिगाने दिसतील. तुम्ही लिहू नका.

आठवी पायरी: बाहेर सॅम्पल पाठवणं

बीईटी, एक्स-रे डिफ्रॅक्शन, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप ही यंत्रं प्रत्येक कॉलेजात नसतात. आयआयटी मुंबईत सैफ ही केंद्रीय उपकरण सुविधा आहे, बाहेरच्या विद्यार्थ्यांची सॅम्पलंही तिथे शुल्क घेऊन तपासून देतात. देशभरातल्या उपकरणांची नोंद आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर आहे. फॉर्म भरण्याआधी स्वतःला विचारा: या चाचणीतून काय आलं तर मी काय ठरवणार आहे? उत्तर नसेल तर पैसे वाचवा.

बीईटी ही पद्धत १९३८ ची: ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर. ७७ केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, पृष्ठभागावर किती नायट्रोजन बसतो ते मोजून पृष्ठफळ काढतात. चांगल्या सक्रिय कार्बनचं पृष्ठफळ ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास असतं. सॅम्पल आधी गरम करून, निर्वातात ठेवून आतलं पाणी पूर्ण काढलं नाही तर छिद्रं भरलेलीच राहतात आणि पृष्ठफळ कमी येतं. किती तापमानाला, किती तास हे तुम्ही फॉर्मवर लिहा, ऑपरेटरवर सोडू नका. एक्स-रेमध्ये कार्बनला टोकदार शिखरं येत नाहीत, २४ अंशांच्या आसपास एक रुंद उंचवटा येतो. टोकदार शिखर दिसलंच तर बहुधा धुतल्यानंतर मागे राहिलेला क्षार आहे. पुन्हा धुण्याकडे जा.

एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने रासायनिक गट ओळखायची चाचणी, तिच्याबद्दल पावसाळ्याची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सॅम्पल पोटॅशियम ब्रोमाइडच्या पुडीत दाबून त्याची चकती करतात. ती पूड हवेतलं पाणी ओढते. मग आलेखात ३४०० सेंमी⁻¹ च्या आसपास मोठा, रुंद खड्डा दिसतो आणि विद्यार्थी लिहितो, "पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट विपुल आहेत." तो गट कार्बनचा की ऐरोलीच्या पावसाचा? कळायचा मार्ग तोच: नुसत्या पोटॅशियम ब्रोमाइडची कोरी चकती त्याच दिवशी, त्याच हाताने करून तिचाही आलेख घ्या.

वही

पानांना क्रमांक असलेली, शिवलेली. पेनने. खोडरबर नाही, चुकलं तर एक रेघ. तारीख, बॅच क्रमांक, बाटलीचा लॉट क्रमांक. वीज किती वाजता गेली आणि भट्टी तेव्हा किती अंशांवर होती तेही. कागद निळा झाला, हेही.

खऱ्या पाण्याकडे आणि मोठ्या भांड्याकडे

मिथिलीन ब्लू हा सरावाचा रंग आहे. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर रोडलगतच्या औद्योगिक पट्ट्यातल्या, किंवा तळोज्यातल्या रंगाच्या कारखान्याच्या पाण्यात बहुतेक वेगळेच रंग असतात, त्यांतले पुष्कळ ऋण प्रभाराचे, शिवाय भरपूर मीठ आणि इतर सेंद्रिय पदार्थ. फॉस्फरिक आम्लाने बनवलेल्या कार्बनचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो. तो धन प्रभाराचा रंग छान धरतो आणि ऋण प्रभाराच्या रंगापुढे नांगी टाकू शकतो. तेव्हा "औद्योगिक सांडपाण्यासाठी उपयुक्त" असं लिहिण्याआधी निदान एक ऋण प्रभाराचा रंग आणि मीठ घातलेलं पाणी तपासा. ठाणे खाडीवर फ्लेमिंगो येतात, २०२२ पासून ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि टीटीसी पट्ट्यातलं पाणी शेवटी खाडीतच जातं. म्हणून या वाक्यात मला काटेकोरपणा हवा असतो.

दुसरी उडी भांड्याच्या आकाराची. १०० मिलिलिटरचा फ्लास्क आणि त्याच आकाराचं १०० लिटरचं भांडं: लांबी दहापट, पृष्ठभाग शंभरपट, घनफळ हजारपट. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर जायला मिळणारी भिंत दहावा हिस्सा उरते. फ्लास्कमध्ये जी प्रक्रिया हाताला जेमतेम कोमट लागली, ती मोठ्या भांड्यात उष्णता कुठे टाकणार? रंगाऐवजी आता उष्णतेचा हिशेब आहे, प्रश्न तोच. डोंबिवलीकरांना २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या तिथल्या रासायनिक कारखान्यांतल्या स्फोटांच्या तारखा समजावून सांगाव्या लागत नाहीत. तुमच्या कोणत्याही प्रक्रियेत उष्णता बाहेर पडत असेल तर किती पडते ते मोजल्याशिवाय दुप्पट बॅचसुद्धा करू नका.

कुठे जायचं

ठाण्याहून स्लो लोकलने माटुंग्याला उतरलं की आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), पूर्वीचं यूडीसीटी, १९३३ मध्ये सुरू झालेलं. डॉ. मनमोहन शर्मा तिथेच शिकवत. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय इंजिनीअर. डॉ. रघुनाथ माशेलकरही तिथलेच विद्यार्थी. उद्योगाचा प्रश्न घेऊन मूलभूत शास्त्रापर्यंत जायची तिथली परंपरा मोठी आहे. पवईच्या आयआयटीसाठी कांजूरमार्गला उतरायचं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे.

परीक्षा: गेटमध्ये केमिकल इंजिनीअरिंगचा आणि मेटलर्जीचा स्वतंत्र पेपर आहे, आणि इंजिनीअरिंग सायन्सेसच्या पेपरमध्ये मटेरियल सायन्सचा भाग निवडता येतो. स्कोअर तीन वर्षं चालतो. एमएस्सीवाल्यांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलो, झाल्यावर ४२ हजार. घरी हे आकडे सांगा. "अजून शिकायचंय म्हणजे अजून खर्च" हा बऱ्याच आई-वडिलांचा समज असतो.

गाईड निवडताना नाव आणि पेपरांची संख्या बघून थांबू नका. त्यांच्या तीन विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये चहाला भेटा. सर किंवा मॅडम आठवड्यात किती वेळा वही बघतात? चुकलेला निकाल दाखवला तर काय म्हणतात? सीनियर मुलगी मोकळेपणाने बोलते की दाराकडे बघत बोलते? आणि एकाला विनंती करा, "तुमचा शेवटचा ब्लँक दाखवाल का?" ज्या लॅबमध्ये ती वही लगेच उघडली जाते आणि पान सापडतं, तिथे अर्ज करा.

मुलाखतीला जाताना तुमचीही वही बरोबर न्या, करवंटीची का असेना. निळा झालेला एखादा गाळणकागद वाळवून पानाला चिकटवलेला असेल तर तो आधी उघडून दाखवा.